लेकीला सांताचं कळलंय, पण ती बोलत नाही. आपण बोलावं का?

चांदणवेल | ४ डिसेंबर

लेक नऊ वर्षांची, मुलगा पाचचा. आमच्याकडे नाताळ अगदी साग्रसंगीत असतो. झाड, लोंबणारे मोजे, सांताला पत्र आणि पंचवीसच्या पहाटे आरडाओरडा. यंदा लेकीच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे: 'महाग असेल तर नको, दुसरं काहीही चालेल.' सांताला कुणी परवडतं का विचारतं?

परवा माझ्याकडे बघत म्हणाली, "सांता कागद स्वतःचा आणतो की आपल्या कपाटातला वापरतो?" मी उत्तर जुळवतेय तोवर स्वतःच म्हणाली, "जाऊ दे, आणत असेल." म्हणजे माझी सुटकाही तिनेच केली.

नवऱ्याचं म्हणणं, सरळ विचारेल तेव्हा सांगू, तोवर गप्प. साबांचं (सासूबाईंचं) म्हणणं, आत्ताच सांगा, नाहीतर वर्गात हसं होईल. माझं काहीच ठरत नाहीये. धाकट्यासमोर तिने काय करायचं? आणि पोर मोठी होतेय हे चांगलंच आहे, तर मला इतकं का लागतंय?

कुणी या फेजमधून गेलं असेल तर लिहा. प्लीज, 'मुळात सांता हवाच कशाला' या वळणावर गाडी नेऊ नका.

संशयात्मा | ४ डिसेंबर

नेणारच. :) मुळात सांता हवाच कशाला?

हलके घ्या. पण प्रश्न खरा आहे. वर्षभर मुलांना 'खोटं बोलू नये' शिकवायचं आणि डिसेंबरात घरातल्या सगळ्या मोठ्यांनी संगनमत करायचं. २०१६ मध्ये बॉयल आणि मॅके या दोघांनी 'लॅन्सेट सायकायट्री'त हाच मुद्दा मांडला होता: आईवडील इतकी वर्षं इतकं मोठं खोटं टिकवू शकतात, तर मुलाने त्यांच्या बाकीच्या बोलण्यावर किती विसंबायचं?

फळाखडू | ४ डिसेंबर

वेल, तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर चक्क अभ्यासात सापडतं. १९९४ मध्ये अमेरिकेत अँडरसन आणि प्रेंटिस यांनी सांताचं कळून चुकलेल्या ५२ मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलून एक पेपर लिहिला. बहुतेक मुलांना सातच्या आसपास, आपलं आपणच कळलं होतं. कळल्यावर काय वाटलं, तर मुलांनी मुख्यतः बरंच वाटल्याचं सांगितलं. वाईट वाटलं होतं ते पालकांना.

तेव्हा तुला लागतंय ते जगावेगळं नाही. आणि ते लेकीचं नाही, तुझं आहे. हे दोन वेगळे ठेवलेस तर अर्धा गुंता सुटेल.

वयाचं म्हणशील तर सात-आठला मुलं हिशेब मांडायला लागतात. एका रात्रीत एवढी घरं कशी, धुराडं नसलेल्या घरात शिरतो कुठून, एकाच दिवशी दोन दुकानांत दोन सांता कसे. चार-पाचला हेच प्रश्न पडतात, पण 'जादू' एवढ्यावर समाधान होतं. नऊच्या मुलीचं होत नाही.

कोपऱ्यातला बाबा | ५ डिसेंबर

आमचे चिरंजीव कळल्यानंतरही बरेच दिवस साळसूदपणे पत्र लिहीत होते. उलगडा कसा झाला? त्याच्या पत्रात वस्तूच्या नावापुढे मॉडेल नंबर आणि कंसात 'निळा, हिरवा नको' असं होतं. बायको म्हणाली, हे पत्र सांताला नाही, आपल्याला आहे.

विचारलं तेव्हा त्याने आधी खात्री करून घेतली की खरं बोललं तर भेट बंद होणार नाही. मोठे समजतात मूल जादू सोडायला तयार नाही, आणि मुलाला फक्त आवक थांबण्याची भीती असते. तेव्हा जे काही सांगाल त्यात 'मोजा भरला जाणारच' हे वाक्य पहिल्या मिनिटात घ्या.

उन्हाची तिरीप | ५ डिसेंबर

मला कळलं ते मोठ्या चुलत भावाकडून, सगळ्या भावंडांसमोर. आज विचार केला तर सांता नाही याचं दुःख मला आठवतच नाही. आठवतं ते एवढंच, की खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं आणि ते माझ्याकडे बघून हसत होते. त्याआधीच्या वर्षीही हसले असतील का, हे मी पुढे कितीतरी दिवस मनात उगाळत बसले होते.

म्हणून साबांच्या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त त्यांचा रोख वर्गावर आहे. मुलाला खरा अपमान वाटतो तो घरातल्यांनी हसण्याचा. सांगाल तेव्हा दोघांतच सांगा, आणि 'अगं किती गोड होतीस तू, तुला खरंच वाटायचं' ही कौतुकाची टकळी चुकूनही लावू नका. नऊ वर्षांच्या मुलीला ते बावळट म्हटल्यासारखं लागतं.

जुनी पानं | ५ डिसेंबर

या प्रश्नावरचं सगळ्यात गाजलेलं उत्तर वर्तमानपत्रातलं आहे. न्यूयॉर्कमध्ये व्हर्जिनिया ओ'हॅनलन नावाच्या आठ वर्षांच्या मुलीने 'द सन' या पेपरला पत्र लिहिलं की मैत्रमंडळी म्हणतात सांता नाही, तर खरं काय ते सांगा. २१ सप्टेंबर १८९७ ला पेपरने अग्रलेखातून 'आहे' असं उत्तर दिलं. लेखाखाली नाव नव्हतं. तो फ्रान्सिस चर्च यांनी लिहिला होता हे ते १९०६ मध्ये वारल्यावर जाहीर झालं. पुढे तो अग्रलेख पेपर बंद पडेपर्यंत दर नाताळात छापला जायचा.

मला त्यातला भारी वाटणारा तपशील वेगळाच आहे. मुलीने आधी वडिलांनाच विचारलं होतं. ते म्हणाले, पेपरवाल्यांना विचार. बापाने कसा अलगद चेंडू टोलवला बघा!

संशयात्मा | ५ डिसेंबर

आणि पेपरने काय केलं? मुलीने मागितलं होतं खरं काय ते. तिला मिळाला प्रेम, औदार्य आणि श्रद्धा यांवर निबंध. वाचायला सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण 'हो की नाही' विचारणाऱ्या मुलीला ते उत्तर नव्हे. लेख मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिला आणि सव्वाशे वर्षं मोठेच त्यावर डोळे पुसताहेत.

जुनी पानं | ५ डिसेंबर

@संशयात्मा, हे मात्र पटलं. जाता जाता, ही व्हर्जिनिया पुढे शिक्षिका झाली, मुख्याध्यापिकाही झाली आणि आयुष्यभर मुलांची पत्रं घेत राहिली. तिला त्या अग्रलेखाचा राग आल्याचं दिसत नाही.

निवांत आजी | ६ डिसेंबर

बाळांनो, खोटं कुठलं आणि खेळ कुठला यात फरक आहे. भातुकलीतल्या रिकाम्या कपातला चहा आपण पितोच की, तेव्हा कुणी म्हणत नाही फसवलं. पण सांताला घरातला हवालदार केला की तो खेळ उरत नाही. 'सांता बघतोय, यादीतून नाव काढेल' असं ज्या घरात वर्षभर चालतं, तिथल्या मुलाला कळतं तेव्हा सांता नसल्याचा राग येत नाही. नुसतं घाबरवत होतात याचा येतो. आणि तो रास्तच असतो.

माझ्या धाकट्या मुलाने मला नेमकं हेच ऐकवलं होतं. त्या डिसेंबरात त्याने एकही काम ऐकलं नाही. :)

कोरा कागद | ६ डिसेंबर

आजी, +१.

आणखी एक बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. शाळेत सुट्टीनंतर मुलं एकमेकांना 'तुला सांताने काय दिलं' विचारतात. एकाला सायकल, दुसऱ्याला रंगपेटी. रंगपेटीवाल्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं की हा आईबाबांच्या पगाराचा फरक आहे. त्याला वाटतं आपण कमी चांगले वागलो. मी मुलाच्या जागी होते तेव्हा मला तसंच वाटायचं, आणि मी पुढच्या वर्षी आणखी शहाण्यासारखी वागायचे. काही फरक पडायचा नाही, अर्थात.

म्हणून आमच्या घरी सांता कायम छोटी गोष्ट आणतो, मोठी भेट आईबाबांच्या नावाने. वेल, तुझ्या लेकीने 'महाग असेल तर नको' लिहिलंय त्यात मला हुशारीपेक्षा काळजी दिसते. तिला कळलंय पैसे कुणाचे जातात. एवढं एक तरी तिच्याशी बोलच.

चांदणवेल | ६ डिसेंबर

@कोरा कागद, हे वाचून पत्र पुन्हा काढून बघितलं. मी फक्त 'पकडली गेली' असं वाचत होते. यंदा घरात खर्चाची बोलणी जरा जास्त झालीत, तिच्या कानावर जात असणार. थँक्यू.

तळ्यात मळ्यात | ७ डिसेंबर

मी उलट्या बाजूने लिहितो. टिकतंय तोवर टिकवा! नोराडचा, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या हवाई संरक्षण यंत्रणेचा सांता ट्रॅकर आहे ना, ते लावून बसा चोवीसच्या रात्री. मूळ गोष्टही धमाल आहे. १९५५ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये एका दुकानाच्या जाहिरातीत सांताचा म्हणून फोन नंबर दिला होता, आणि मुलाचा फोन जाऊन लागला हवाई संरक्षणाच्या केंद्रात. तिथल्या कर्नल शूपने तो निभावून नेला, असं सांगतात. १९५८ पासून नोराडने ते काम घेतलं, आणि आजही दर नाताळात ते लोक सांता कुठवर पोचला ते सांगतात.

कोपऱ्यातला बाबा | ७ डिसेंबर

आमच्याकडे लावलं होतं. चिरंजीव म्हणाले, "सैन्याला एवढं दिसतं तर फोटो का नाही काढत?"

फळाखडू | ७ डिसेंबर

@तळ्यात, लहान मुलासाठी मजा आहे, वादच नाही. पण नऊ वर्षांचं मूल शंका घेत असताना नवे पुरावे पेरणं मला खटकतं. मुलं भोळी असतात म्हणून विश्वास ठेवतात असं नाही, पुरावा बघून ठेवतात. २००४ मध्ये वूली आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. शाळेत न जाणाऱ्या वयातल्या मुलांना त्यांनी स्वतः रचलेल्या एका चेटकिणीबद्दल सांगितलं: ती रात्री येते, गोळ्या नेते आणि बदल्यात खेळणं ठेवते. काही घरी पालकांनी गुपचूप तशी अदलाबदल केली. त्यातल्या जरा मोठ्या मुलांमध्ये, ज्यांच्या घरी 'भेट' झाली त्यांचा विश्वास जास्त पक्का होता.

म्हणजे मूल डोकं चालवत होतं, खोट्या वस्तू आपण समोर ठेवत होतो. शंका घ्यायला लागलेल्या मुलीसमोर आणखी ठेवायच्या, की तिचं डोकं बरोबर चाललंय हे सांगायचं?

सोनचाफी | ८ डिसेंबर

व्हॉट्सअॅपवर फिरतं ते करा ना. मुलाला सांगायचं, 'तू आता मोठा झालास, आता तूसुद्धा सांता.' मग त्याने कुणाला तरी गुपचूप भेट द्यायची. वाचताना डोळ्यांत पाणी येतं. धाकट्याचा प्रश्नही सुटतो, ताईच त्याचा मोजा भरेल.

आणि खऱ्या संत निकोलसची गोष्टही सांगा. चौथ्या शतकातले मायराचे बिशप, आजच्या तुर्कस्तानातले. तीन गरीब बहिणींच्या लग्नासाठी रात्री खिडकीतून सोनं टाकल्याची दंतकथा त्यांचीच. ६ डिसेंबर हा त्यांचा दिवस.

संशयात्मा | ८ डिसेंबर

गोष्ट जरूर सांगा, पण 'म्हणजे सांता तसा खराच आहे' असं शेपूट जोडू नका. ती पळवाट मुलांना लगेच कळते. बिशप निकोलस होऊन गेले, आणि लाल कपड्यातले स्लेजवाले आजोबा एकोणिसाव्या शतकात घडत गेले. रेनडियरची आठची जोडणी १८२३ च्या एका कवितेतली, गोलमटोल रूप १८६३ पासून थॉमस नास्टच्या चित्रांतून आलेलं. नऊच्या मुलीला हा इतिहास मस्त आवडेल. तिला वाटेल आपण पडद्यामागे आलो.

'तूच आता सांता' बद्दल मात्र मला शंका आहे. (नाव सार्थ करतोय.) मुलीचं काहीतरी संपतंय, आणि आपण लगेच तिच्या हातात ड्युटी देतोय. तिला विचारा तरी.

चांदणवेल | १५ डिसेंबर

बोललो. दोघीच होतो, भेटवस्तूंचे कागद कापत होतो. मी विचारलं, "सांताबद्दल तुला काय वाटतं?" ती कात्री चालवत राहिली आणि म्हणाली, "मी सांगितलं तर तुला वाईट वाटेल का?"

तिला गेल्या वर्षीच कळलं होतं. कशावरून? 'ल' वरून! मोज्याला अडकवलेल्या चिठ्ठीवर 'लाडक्या' लिहिलं होतं, आणि आमच्याकडे जुन्या वळणाचा ल फक्त तिचा बाबा काढतो. वर्षभर ती हे मनात ठेवून होती. मी सांगितलं की हो, आम्हीच. कोण आणतं, कुठे लपवतो, रात्री किती वाजता उठतो, सगळं. बाबा दर वर्षी अंधारात त्याच टेबलाला धडकतो हे ऐकून खूप हसली. मग एकदम गंभीर होऊन, "अजून काय काय खोटं आहे?" दातपरीचंही सांगून टाकलं. म्हणाली, ते तर केव्हाच माहीत होतं.

पैशांचंही बोललो. तुझ्या भेटीची काळजी तू करायची नाही, आम्हाला जमेल तेच आम्ही आणतो, एवढंच म्हटलं. खांदे जरा खाली आले तिचे.

रात्री झोपताना मात्र थोडी रडली. म्हणाली, "मला माहीत होतं, पण तू सांगितलं नव्हतंस तोपर्यंत थोडं नक्की नव्हतं." यावर मला काही सुचलं नाही. जवळ घेऊन बसले.

मग तिला विचारलं, यंदा भावाचा मोजा तू भरशील का? तर ठाम 'नाही'. "मला नाही भरायचा. मला सकाळी उठून बघायचंय." तिला अजून घेणाऱ्याच बाजूला राहायचंय.

उन्हाची तिरीप | १५ डिसेंबर

राहू दे ना मग! घेणाऱ्याच बाजूला राहू दे. कळलं म्हणून मजा सोडलीच पाहिजे असा नियम आहे का?

सोनचाफी | १५ डिसेंबर

मला वाटलं होतं ती उड्या मारत हो म्हणेल. माझ्या लेकाने म्हटलं होतं. पण तो अकराचा होता, आणि त्याला चोरून जागायला मिळणार याचंच आकर्षण जास्त होतं, आता आठवतंय तसं.

निवांत आजी | १६ डिसेंबर

तिला विचारलंस आणि तिने नाही म्हटलेलं ऐकलंस, झालं. भावासमोर गप्प राहायचं ओझंही टाकू नकोस. भावाने विचारलं तर 'आईला विचार' म्हणायची मोकळीक दे. नाहीतर परवापर्यंत जे आपण करत होतो ते आता ती एकटी करणार.

चांदणवेल | २६ डिसेंबर

अपडेट विचारत होतात म्हणून. दोघंही पहाटे उठले. ती त्याच्याइतकीच ओरडली. नाटक होतं का? मला नाही वाटत. मोज्यात काय आहे ते तर तिला माहीत नव्हतंच. चिठ्ठी मात्र आधी उलटीपालटी करून बघितली. नवऱ्याने यंदा छापून काढली होती. तिने त्याच्याकडे बघून भुवया उडवल्या, आणि तो पार खूश.

भाऊ विचारत होता की सांता टेबलाला कसा नाही धडकत. त्यावर दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो.

नवा भिडू | २७ डिसेंबर

सगळा धागा वाचला. माझा प्रश्न जोडतो. मुलगा सात वर्षांचा. वर्गातल्या एका मुलाने त्याला सांगितलं की सांता म्हणजे आईबाबा. हा रडत आला. त्या मुलाच्या आईशी बोलावं का? बायको जाम चिडलीये.

फळाखडू | २७ डिसेंबर

बोलू नका. सातच्या मुलाला कळलेली गोष्ट त्याने मित्राला सांगितली, त्यात गुन्हा काही नाही. ज्या घरात सांता पाळतच नाहीत तिथलं मूल काय करणार? त्याने गप्प बसावं अशी अपेक्षा आपण कशी ठेवणार?

नवा भिडू | २७ डिसेंबर

ते ठीक. पण मुलाला काय सांगू? काल 'तो मुलगा खोटं बोलतोय' असं बायकोने सांगून टाकलंय.

संशयात्मा | २७ डिसेंबर

तेवढं आधी दुरुस्त करा. सांताचं पुढच्या आठवड्यात सांगितलंत तरी चालेल, पण खरं बोललेला मित्र खोटारडा ठरलाय ते आजच निस्तरा. 'तो त्याला माहीत आहे ते सांगत होता' एवढं म्हणा. मग मुलाला विचारा, तुला काय वाटतं, आणि जरा थांबा. 'सांता असतोच ना?' म्हणून तुमच्या तोंडाकडे बघत असेल तर त्याला अजून थोडा वेळ हवाय. 'खरं सांगा' म्हणाला तर खरं सांगा.

नवा भिडू | २७ डिसेंबर

आत्ताच म्हणालो. तो म्हणाला, "मग मी त्याला सॉरी म्हणू का? मी त्याला ढकललं होतं."